सुई टोचायची कुणी

काका निवृत्त ट्रकड्रायव्हर. मधुमेहाने डोळे अधू झालेले, त्यामुळे इन्सुलिनच्या सिरिंजवरचे आकडे दिसेनात. काकूंना ते दिसत, पण त्यांचा हात थरथरायचा. बाईचा सगळा जन्म शिवणकामात गेलेला.

"सुईची कसली भीती, काकू?" घरी येणाऱ्या सिस्टरने विचारलं.

"कापड ओरडत नाही हो."

सिस्टर रोज सकाळी इंजेक्शन देई आणि शिकवी. पोटाची चिमूट धरायची, जागा बदलत राहायची, सुई लगेच काढायची नाही. उशीवर काकू झकास टोचत. काकांपाशी आलं की हात हवेतच अडे.

एके दिवशी काका कंटाळले. "राहू दे. तुझ्या बहिणीला बोलाव. तिचा हात धीट आहे. हाताला चवही आहे."

सुई आत गेली. सरळ, स्वच्छ.

"मग तिच्याशीच लग्न करायचं होतंत!"

"दहा मोजा," सिस्टर म्हणाली. काकूंनी दात-ओठ खात मोजले.

काकांना गुरुकिल्ली सापडली. रोज सकाळी ते शर्ट वर करत आणि सासरेबुवांचा उद्धार करत. सुई कधी चुकली नाही. सिस्टर आता आठवड्यातून एकदाच येऊ लागली. काकांनी तिला हळूच विचारलं, "तुम्हाला काही सुचतंय का? माझ्याकडचं संपत आलंय."

"ते माझ्या कामात येत नाही, काका."

मग काकांना ताप भरला. काकूंनी फोन केल्यावर सिस्टर आली. तिने रक्तातली साखर तपासली, डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवली. काकूंनी इन्सुलिन भरलं आणि थांबल्या.

"अहो, बोला ना काहीतरी."

काका ग्लानीत होते. काकूंनी पुन्हा हाक मारली. सिस्टरने हात पुढे केला, पण काकूंनी मान हलवली, चिमूट धरली आणि टोचलं. मोजताना आवाज कापत होता, हात नाही. सुई डब्यात टाकून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

ताप उतरल्यावर काकांनी विचारलं, "तापात सुई कोण देत होतं? कळलंसुद्धा नाही."

"मीच," काकू म्हणाल्या. "म्हणजे माझ्या बापाला उगाचच नावं ठेवलीत."

"उगाच कशी? सगळं खरंच होतं."

सिस्टर पुढच्या आठवड्याची वेळ सांगून निघाली.