तुमचं म्हणणं हेच ना?

जळकोटच्या रस्त्यावरच्या मिशन शाळेत न्हाणीच्या भिंतीला लागून एक नवा रांजण मांडला गेला, आणि तेव्हापासून तिथं शिकवणाऱ्या रत्नम्माबाईंना सकाळचा चहासुद्धा गोड लागेना. रांजण कसला, काठ फुटलेलं मडकंच ते. वर झाकणाऐवजी गंजका पत्रा आणि पाणी घ्यायला डालड्याचा डबा. व्हरांड्यातल्या जुन्या रांजणावर मात्र पितळी पेला होता, साखळीला बांधलेला, तीस वर्षं सगळ्या पोरांच्या ओठांना लागून गुळगुळीत झालेला. मधल्या सुट्टीत पंढरी शिपाई दारात उभा राहायचा आणि बौद्धवाड्यातली अकरा पोरं आली की तोंडानं काही न बोलता बोटानं न्हाणीकडं दाखवायचा. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. बाईंना सगळ्यात जास्त किळस त्याचीच यायची.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पावसानं दगा द्यायला लागून तीन. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद पुसून लातूर लिहिलं गेलं, आणि ज्याच्या अंगावर म्हणून पांढरे कपडे होते त्याला कसलं ना कसलं पद मिळालं. गावातल्या हणमंतरावांनाही मिळालं. त्यांच्या विहिरीला अजून पाणी होतं, दारात ट्रॅक्टर होता, ट्रॅक्टरमागं टँकर होता, आणि शाळेचा रांजण त्या टँकरवर भरत होता. त्यांचे दोन नातू शाळेत शिकायचे. एक दिवस हेडमास्तरांच्या खोलीत चहा पिता पिता ते एवढंच म्हणाले, "पोरांच्या आया कुरकुर करायल्यात, सर. तुमी शिकलेली मानसं. बघा काय ते."

हेडमास्तर शेषेरावांनी लगेच बघितलं. शेषेराव आणि रत्नम्माबाई एकाच चर्चमधले, दोघंही देगलूरकडचे. शेषेरावांच्या अस्पृश्य आज्यानं विहिरीच्या पायरीवर पाय ठेवला म्हणून गावानं त्याला चिंचेच्या फोकांनी सोलून काढलं होतं. ही गोष्ट शेषेराव दर नाताळाला डोळे पुसत सांगायचे. आणि आता त्याच माणसानं पंढरीला कुंभारवाड्यात पाठवून रांजण आणवला! रोज सकाळी डोळे मिटून प्रार्थना घेताना त्यांचा तो हळवा आवाज ऐकला की बाई डोळे उघडून न्हाणीकडं बघायच्या.

पण बाईंनी तरी काय केलं? मूग गिळले. त्यांनी घरून फिरकीचा तांब्या आणायला सुरुवात केली. या रांजणातलं नको आणि त्याही रांजणातलं नको.

ही शाळा अशी नव्हती. ती काढणाऱ्या म्हाताऱ्या पाद्र्यानं शिकवण्याच्या तीन पायऱ्या ठरवून दिल्या होत्या: पाठ, प्रश्न आणि वाद. धाकट्यांनी पाठ करायचं, पाढे, ख्रिस्ताच्या गोष्टी, लॅटिनचे शब्दसुद्धा. लॅटिन ऐकून गाव हसायचं. मधल्यांनी प्रश्न विचारायचे. उत्तर येत नसेल तर मास्तरानं वर्गासमोर कबूल करायचं, मला माहीत नाही, उद्या शोधून सांगतो. आणि मोठ्यांनी वाद करायचा. वाद कुणाशी करायचा, अगदी मास्तराशीही, ते ज्यानं त्यानं ठरवायचं; त्यापुढं नियम एकच होता. आधी समोरच्याची बाजू मांडायची, तीही अशी, की त्याला स्वतःला इतकी चांगली मांडता आली नसती. मग त्याला विचारायचं, "तुमचं म्हणणं हेच ना?" तो "हाव" म्हणाला तरच आपलं तोंड उघडायचं. तो "न्हाई" म्हणाला तर खाली बसायचं, वाद संपला.

या नियमानं पोरांना शिकण्याची चटक लागायची. नववीतली पंचशीला तर त्यापायी वेडी झाली होती. तिची आई कोंडाबाई रोजगार हमीवर खडी फोडायची. तिला भाकर द्यायला जाताना पंचशीला रस्ताभर लॅटिनचे शब्द घोकत जायची, आणि खडीवरच्या बायका म्हणायच्या, पोरीला वारं लागलंय. तिच्या प्रश्नांची उत्तरं शोधण्यात रत्नम्माबाईंच्या कित्येक संध्याकाळी गेल्या होत्या, आणि त्यांना त्या संध्याकाळींइतकं सुख दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं.

नवा रांजण आल्याच्या तिसऱ्या दिवशी बाई वर्गात विहिरीची गोष्ट सांगत होत्या. परक्या जातीच्या, लोकांनी वाळीत टाकल्यागत वागवलेल्या एका बाईकडं ख्रिस्त पाणी मागतो, ती गोष्ट. पंचशीलानं हात वर केला.

"बाई, त्यो तिच्याच घागरीतलं पानी पिला का?"

पोरगी पुढं म्हणाली, "आन बाई, तुमी कंच्या रांजणातलं पिता?"

मला माहीत नाही, असं म्हणायचीही सोय नव्हती. माहीत होतं ना! बाई म्हणाल्या, "तास संपला." तास संपायला अजून दहा मिनिटं होती. सव्वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा प्रश्न टाळला होता. त्या दिवशी तांब्यातलं पाणी त्यांना कडू लागलं.

त्यानंतर पंचशीलानं प्रश्न विचारणं बंद केलं. आठवड्यानं कोंडाबाई शाळेच्या फाटकात आली. हाताला खडीची पांढरी भुकटी तशीच होती.

"बाई, पोरीला घिऊन जायाला आले."

"अगं, नववीत आहे ती. शाळेत तिच्यासारखी दुसरी नाही."

"हाव, मला ठाव हाय. पर ती आता घरी पुस्तक उघडत न्हाई. म्हनती, शिकून मानूस रांजण येगळा करायला शिकतो. मी काय सांगू तिला? खडीवर आमी समद्या बाया एकाच पिपातलं पानी पितो, बाई. पाटलाची सून बी आन मी बी. दुष्काळानं तिथं जात ठिवली न्हाई. ती शाळेत हाय म्हनं!"

"शनिवारपर्यंत थांब," बाई म्हणाल्या. "लातूरहून शिक्षण खात्याचे साहेब येणार आहेत, पोरांचा वाद आहे. तेवढा होऊ दे."

"शनिवारी काय व्हनार हाय?"

ते बाईंना माहीत नव्हतं. यावेळी त्यांनी तसं सांगितलं.

वादाचा विषय शेषेरावांनीच ठरवला होता, नव्या जिल्ह्याचे फायदे. विषय असा की त्याला दुसरी बाजूच नको. दोन्ही भाषणं त्यांनी स्वतः लिहिली होती आणि जिंकणारही ठरला होता, हणमंतरावांचा थोरला नातू. कागद बाईंच्या हातात देत ते म्हणाले, "पंचशीलाकडून पाठ करून घ्या. साहेबांना दिसू द्या की आपण सगळ्यांना संधी देतो." हे बोलताना माणसाची जीभ झडत कशी नाही, असं बाईंना वाटलं. पण कागद त्यांनी घेतला.

पंचशीलानं तो वाचला, घडी केली आणि परत दिला.

"बाई, वाद कुनासंगं करायचा ते ज्यानं त्यानं ठरवायचं, आसाच नेम हाय ना?"

शाळेनं राहायला दिलेलं पाद्र्याचं जुनं घर, महिन्याचा पगार, देगलूरला आजारी बहीण, सगळं बाईंच्या डोळ्यांपुढून गेलं. मग त्या म्हणाल्या, "नेम तर तोच आहे."

शनिवारी व्हरांड्यात सतरंजी अंथरली गेली. साहेब मधल्या खुर्चीत, एका बाजूला हणमंतराव आणि दुसऱ्या बाजूला शेषेराव. साहेब येणार म्हणून न्हाणीपुढं पंढरीनं पडदा बांधला होता, जुन्या चादरीचा. नातवानं भाषण घडाघडा म्हटलं. टाळ्या पडल्या. मग पंचशीला उठली. ती नातवाकडं न बघता खुर्च्यांकडं वळली.

"माझा वाद हेडमास्तर सरांसंगं हाय. आदी मी त्यांची बाजू मांडते."

शेषेराव हसले. त्यांना काही कळलं नव्हतं.

"सरांचं म्हननं आसं. शाळेत तीनशे पोरं हाईत आन पानी एका टँकरचं. टँकर थांबला तर तीनशे पोरं तहानली राहत्यात. टँकरवाल्याच्या घरच्यांना आमच्या वाड्यातल्या पोरांचा पेला चालत न्हाई. मंग अकरा पोरांनी न्हाणीपाशी पानी पिलं तर तीनशे पोरं जगत्यात. सरांना बी वाईट वाटतं. त्यांच्या आज्याला बी विहिरीवर मारलं व्हतं. पर शाळा चालवायची तर मन मारावं लागतं. पाऊस पडला की तो रांजण काढून टाकू, आसं सर मनात म्हनत्यात."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. हेडमास्तरांनी स्वतः आपली बाजू इतक्या मायेनं कधी मांडली नसती. इकडं आड तिकडं विहीर, अशी त्यांची गत तिनं नीट सांगितली, आणि म्हणूनच व्हरांड्यात कुणाला मान वर करवेना.

"सर, तुमचं म्हननं हेच ना?"

साहेब खुर्चीत पुढं सरकले. "कसला रांजण?" त्यांनी विचारलं.

शेषेरावांनी हाव म्हणावं तर साहेब कायदा जाणणारे. त्यांनी हणमंतरावांकडं बघितलं, तर हणमंतराव आढ्याकडं बघत म्हणाले, "आमी कदी कुनाला आसं बोललो न्हाई बा. टँकर काय, समद्यांचाच हाय." आत्ता आत्ता तोंड पुसलेल्या मांजराचा साळसूदपणा होता त्या आवाजात.

"नाही," शेषेराव म्हणाले. "माझं असं काहीही म्हणणं नाही."

"मंग वादच न्हाई, सर. येगळा रांजण कुनालाच नको हाय," पंचशीला म्हणाली. ती सतरंजीवरून उतरली आणि जुन्या रांजणापाशी जाऊन पितळी पेल्यानं पाणी प्यायली. हणमंतरावांनी सगळ्यांआधी टाळ्या वाजवल्या. "काय पाठांतर हाय पोरीचं!" ते साहेबांना म्हणाले. साहेबांनी घड्याळ बघितलं, न्हाणीकडच्या चादरीकडंही एकदा बघितलं आणि जेवणाची चौकशी केली. इतकं सगळं झालं आणि या लोकांच्या घशाखाली जेवण उतरणारच होतं.

पण न्हाणीजवळचा रांजण गेला. साहेबांची जीप फाटकाबाहेर पडायच्या आत शेषेरावांनी पंढरीला खूण केली, यावेळीही न बोलता. मागं भिंतीशी उभी असलेली कोंडाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सोमवारी धाडते तिला." आणि ती खडीवर निघून गेली.

व्हरांडा रिकामा झाला. रत्नम्माबाई आपल्या खुर्चीपाशी उभ्या होत्या, पायाशी तांब्या होता. पंचशीला समोर येऊन उभी राहिली.

"बाई, आता तुमची बाजू मांडू?"

बाईंनी मान डोलावली.

"तुमाला समदं दिसत व्हतं. पर बोललं तर नौकरी जाईल, घर जाईल. म्हनून तुमी घरून तांब्या आनला. ह्या बाजूचं बी न्हाई आन त्या बाजूचं बी न्हाई." पोरगी थांबली. "तुमचं म्हननं हेच ना?"

खोटं बोलायला आता तिथं कुणी साहेब नव्हता.

"हाव," बाई म्हणाल्या.

पंचशीलानं रांजणापाशी जाऊन पितळी पेला भरला आणि साखळी पुरेल तितका पुढं धरला.

"मंग आता माझं ऐका," ती म्हणाली.