टायरचे पट्टे

विज्ञानाच्या सरांनी शिंपीणबाईंना गाडीने उडवलं, आणि माफी कोणी मागितली? शिंपीणबाईंनी! शिलाई मशीन चालवायचा पाय प्लास्टरमध्ये, तरी म्हणतात कशा, "चुकलं माझंच काहीतरी, सर. न बघताच रस्त्यात आले." सरांना शाळेत पोहोचायला उशीर झाला होता, म्हणून गाडी दामटली होती. पोलिसांना मात्र सांगितलं, वेग चाळीस होता, बाई अचानक आडव्या आल्या. सरांच्या शब्दावर उघड शंका कोण घेणार?

दरवर्षी ब्रेकचा धडा आला की सर वर्गाला शाळेपुढच्या रस्त्यावर नेत आणि ब्रेक दाबल्यावर उमटलेले टायरचे काळे पट्टे टेपने मोजायला लावत. यंदा त्यांनी धडा फळ्यावरच उरकायला घेतला. पण वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी उठली. शिंपीणबाईंचीच लेक ती.

"सर, शाळेपुढे तुमच्या गाडीचे पट्टे अजून आहेत की! लोक उगाच कुजबुजतात. मोजून दाखवू, तोंडं बंद होतील त्यांची."

आता नाही कसं म्हणायचं? सर टेप घेऊन निघाले.

पट्टा भरला वीस मीटर. वर्गात परतल्यावर मुलगी फळ्यावर भराभर गणित मांडू लागली. "ब्रेक दाबला की वेग दर सेकंदाला सात मीटरने कमी होतो. ताशी चाळीस म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. म्हणजे गाडी नऊ मीटरच्या आत थांबायला..." ती अडखळली. मग तिने उलटं मांडलं. दोन गुणिले सात गुणिले वीस, दोनशे ऐंशी. वर्गमूळ जवळपास सतरा. ताशी साठ! थांबायला जवळपास अडीच सेकंद.

मुलीने सरांकडे पाहिलंच नाही. डस्टर उचललं आणि हळूच म्हणाली, "चुकलं माझंच काहीतरी."

आईचेच शब्द! सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी वर्षं खरं उत्तर काढायला शिकवलं, आणि ही पोर त्यांची लाज राखायला बरोबर आलेलं गणित पुसायला निघाली होती.

"पुसू नकोस," सर कसेबसे म्हणाले. "गणित बरोबर आहे. खोटं मी बोललो. आत्ताच पोलिसांकडे जातो."

मुलगी खडू बोटांत फिरवत राहिली.

"आधी आमच्या घरी याल, सर?" ती म्हणाली. "मी सांगितलं तर आईला पटायचं नाही. ती म्हणेल, सर कशाला खोटं बोलतील?"