खळीवाला फौजी टोप

मित्रांनो, मी एक जुना फौजी टोप आहे. लोखंडी, पसरट, महायुद्धातला. सध्या माझं पोस्टिंग दुबईत आहे, अल मनखूलच्या एका फ्लॅटमध्ये, गॅसच्या शेगडीवर. हसू नका. पूर्वी डोक्यावर बसायचो तसाच आता जाळावर बसतो, आणि माझ्या पाठीवर अजराभाभी रुमाली रोट्या भाजते.

रत्नागिरीचा एक तरणा जवान मला घालून इटलीच्या डोंगरात लढला. युद्ध संपलं, आम्ही दोघं धडधाकट गावी परतलो. तिथे माझा काय रुबाब होता! तो जवान पुढे घरातल्यांचा दादाजी झाला, आणि पाहुणे आले की दादाजी मला डोक्यावर चढवून लढाई सांगायचे. माझ्या कपाळावर एक पोचा आहे. तो म्हणे जर्मन गोळीचा. पण दादाजी गेले आणि मी परसात जाऊन पडलो. कोंबड्या माझ्यात पाणी प्यायच्या, मित्रांनो. शेवटी त्यांचा नातू मोहिद्दीन मला दुबईला घेऊन आला. एअरपोर्टवर स्कॅनरवाला माझ्याकडे बघतच राहिला. मोहिद्दीन म्हणाला, "हबीबी, तवा आहे." त्याच्या बायकोने, अजराभाभीने, ते खरं करून दाखवलं. घासून घासून माझा सगळा रंग काढला. त्या पोच्यामुळे प्रत्येक रोटीच्या गालावर खळी पडते, बघा.

मोहिद्दीन हमरिया फ्री झोनमध्ये पंपांच्या कंपनीत आहे. त्याचे दोन जिगरी कलीग, इटलीचा एन्झो आणि जर्मनीचा डीटर. रोज एकाच गाडीने ऑफिसला जायचे. मग युरोपातल्या इलेक्शनवरून कॅन्टीनमध्ये जुंपली. एन्झो म्हणाला, कुणालाही मत द्या, सगळे चोर, सगळं उलथून टाकायला पाहिजे. डीटर म्हणाला, अशीच आरडाओरड ऐकून माझे आजोबा युद्धावर गेले होते. एन्झोने सुनावलं, हो, आमच्याच गावात आले होते, बंदूक घेऊन. खलास. बोलणं बंद, गाड्या वेगळ्या.

मोहिद्दीनला ते बघवेना. त्याने एक शक्कल लढवली. दोघांना एकाच रविवारी जेवायला बोलावलं, एकमेकांना न सांगता.

दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसले. माझ्या रोट्या चालल्या होत्या. तेवढ्यात मोहिद्दीनच्या छोट्या मुलीने, इनायाने, डीटरच्या रोटीवरच्या खळीवर बोट ठेवलं. "अंकल, धिस इज द जर्मन बुलेट. ऑन माय ग्रेट-ग्रँडफादर्स हेल्मेट."

डीटरने रोटी खाली ठेवली. सॉरी म्हणून उठला आणि बूट शोधायला लागला. मी शेगडीवर तापलोय, बोलता येत नाही, आणि खरी गोष्ट घरात फक्त दोघांनाच माहीत. एक मी. दुसरी गावाहून आलेली मोहिद्दीनची आई.

"बैठो बेटा," ती आतून म्हणाली. "गोली-बोली कुछ नहीं. नारियल था."

मग तिने सांगितलं. ती नवी नवरी असताना सासरेबुवा माडाखाली उभे राहून पाहुण्यांना लढाई सांगत होते, मी डोक्यावर, आणि वरून नारळ आला तो थेट माझ्या कपाळावर. पाहुणे गेल्यावर ते तिला म्हणाले होते, "सूनबाई, कुणी विचारलं तर गोळी सांगायची हां." तिने इमानदारीने तेच सांगितलं. आजपर्यंत.

मोहिद्दीन हसत हसत इंग्लिशमध्ये सांगत होता. एन्झो डोळे पुसायला लागला. म्हणाला, माझ्या आजीनेही पळालेल्या जर्मन सैनिकाचा टोप उचलला होता, त्याला भोकं पाडून चाळणी केली, तीत भाजी धुवायची.

डीटर दारातून वळला. "ती चाळणी परत कर. सरकारी माल आहे."

मग काय, बूट राहिले बाजूला. राजकारणावर पुन्हा वाद झाला, पण रोटी तोडता तोडता. निघताना दोघं एकाच गाडीत बसले. इनाया मात्र शाळेत अजून गोळीच सांगते. पणजोबांवर गेलीय.

तर मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं जुनं काही असेल तर कोंबड्यांना देऊ नका, शोकेसमध्येही कोंडू नका. घासा, पुसा, कामाला लावा. त्याची गोष्ट एखाद्या म्हातारीला विचारा, आजोबांना नको. आणि भांडलात तरी जेवायला एकत्र बसा. मी शेगडीवर मजेत आहे. मला परत कुणाच्या डोक्यावर जायची वेळ आणू नका.