माझ्या पाठीवरचं जांभूळ

मित्रांनो, कोळवणच्या खोऱ्यात भातखाचरं संपतात आणि डोंगर सुरू होतो, तिथं एका ओढ्याला आडवा होऊन मी गेली पस्तीस वर्षं पहुडलो आहे. मी मातीचा एक लहानसा बांध. मी सरकारी धरण नाही, त्यामुळे नकाशात शोधाल तर सापडायचो नाही. मी विठ्ठलरावांच्या घरचा. माझ्या पोटाशी तळं आहे, आणि पाठीमागे ओढ्याच्या काठानं उतरलं की बारा घरांची वस्ती. येणारे तळं बघायला येतात. वस्तीकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझं मात्र असतं.

माझा जन्म हनुमंतबापूंच्या देखरेखीखाली झाला. बापूंनी उभं आयुष्य धरणांच्या कामावर काढलेलं. मधे काळ्या चिकणमातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम, असं त्यांनी मला वीतवीत थरानं रचलं. प्रत्येक थरावर पाणी शिंपायचं, रूळ फिरवायचा आणि मगच पुढचा थर. अंगाई म्हणत बाळाला थोपटावं तसं त्या दोन उन्हाळ्यांत त्यांनी मला थोपटून घेतलं. पाण्याच्या अंगाला दगडांचं अस्तर घातलं. पावसाचं जास्तीचं पाणी माझ्या डोक्यावरून न जाता बाजूनं निघून जावं म्हणून दगडी सांडवा केला. तळं रिकामं करायची वेळ आलीच तर माझ्या पायथ्याशी एक मोरी आणि तिला लोखंडी चाकाची झडप ठेवली.

काम संपवून जाताना बापूंनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पाठीवर गवत वाढू द्या, झाड नको. दुसरी गोष्ट त्यांनी कमळला सांगितली. कमळ खालच्या वस्तीतली, माझ्यावर माती वाहायला आलेली नवी सून. बापूंनी तिच्या हातात लोणच्याची रिकामी बरणी दिली आणि माझ्या टाचेशी जिथं पाणी झिरपतं ती जागा दाखवली. "माती घाम गाळणारच," ते म्हणाले. "त्याला भिऊ नको. रोज बरणीत धरून रंग बघ. नितळ हाय तवर बांध धड हाय."

तेव्हापासून कमळ रोज सकाळी अनवाणी माझ्या पायथ्यानं चालते. कुठं जास्त गार लागतं ते तिच्या तळव्यांना कळतं. मग बरणी भरून ती तळ्याकाठी माझ्या मालकांच्या घरी नेते. ओसरीवर बसलेले विठ्ठलराव, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, बरणी उन्हाकडे धरून विचारतात, "कमळ, च्या आणलास का पानी?"

"पानीच हाय, अण्णा. च्या तुमच्या घरचा पाजा की."

पस्तीस वर्षं हीच थट्टा. ती ऐकल्याशिवाय मला दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही.

बापू काम आटोपून परतले त्याच्या पुढच्या वर्षी अण्णांच्या घरी दीपालीचा जन्म झाला. बारशाच्या दुसऱ्या दिवशी तिची आई, आशालताबाई, बाळाला खांद्याशी धरून माझ्या पाठीवर आल्या आणि बरोबर मधोमध त्यांनी जांभळाचं रोप लावलं. पोर आणि झाड बरोबरीनं वाढू दे, असं त्यांच्या मनात होतं. अण्णांना बापूंचे शब्द आठवत होते, पण बाळंतिणीला नाही कोण म्हणणार? कमळनं मात्र तोंडावर सांगितलं, हितं नको वैनी, बापू काय म्हणाले होते. आणि पहिल्या उन्हाळ्यात रोप सुकायला लागलं तेव्हा तळ्यातून कळशी भरून त्याला पाणी घातलं तेही कमळनंच.

खरं सांगू का, मलाही ते आवडलं होतं. मुळं पहिल्यांदा आत उतरली तेव्हा नुसत्या गुदगुल्या झाल्या. झाड मोठं झालं तशी पाठीवर सावली आली. कमळनं आपल्या लेकीची झोळी त्याच फांदीला बांधली, दीपालीचा झोपाळाही तिथंच. मी गप्प राहिलो. माझाही अपराध आहेच.

ते दिवस फार चांगले होते. अण्णांनी तळ्यात पायांनी चालवायच्या दोन नावा सोडल्या, एक साधी आणि एक बदकाच्या आकाराची. रविवारी हिंजवडीकडून गाड्या यायच्या. पिठलं-भाकरी खाऊन माणसं जांभळाखाली लवंडायची. नावांचं सगळं आशालताबाई बघायच्या. नाव सोडण्याआधी त्या बोट नाचवत पोरं मोजायच्या, आणि नाव काठाला लागली की पुन्हा मोजायच्या. मोजणी जुळेपर्यंत त्या कुणाशी बोलत नसत. एकदा एक पोर आधीच उतरून जांभळं वेचत बसलं होतं, तर बाईंनी सगळं तळं थांबवलं होतं.

मग दीपाली शिकून नोकरीला हिंजवडीत गेली. आशालताबाई एका आजारात गेल्या. रस्त्यावर निळ्या फरशीच्या पोहण्याच्या तलावांची मोठी ठिकाणं झाली, गाड्या तिकडेच वळू लागल्या. अण्णांचे गुडघे धरले. बदक काठावर पालथं पडलं, माझ्या पाठीवर कमरेएवढं रान माजलं. झडपेच्या चाकाला कुणी तेल घातलं नाही. कमळची बरणी तेवढी चुकली नाही.

यंदा भाद्रपदात दीपाली आपल्या पाच वर्षांच्या लेकीला, सृष्टीला, घेऊन माहेरी आली होती. झोपाळा पुन्हा बांधायचा होता. तीन दिवस पाऊस कोसळत होता आणि वाऱ्यानं जांभूळ मुळापासून हलत होतं. माझ्या आत काय चाललं होतं ते कसं सांगू? एक जुनं मूळ आत कुजून पोकळ झालं होतं. तळ्याच्या पाण्याला ती वाट सापडली होती, आणि जाताना ते मुठीमुठीनं माझी माती घेऊन जात होतं.

चौथ्या दिवशी सकाळी कमळ ओसरीवर आली. अण्णांनी सवयीनं विचारलं, "काय ग, च्या का पानी?"

"आज च्या हाय, अण्णा."

अण्णा हसले. मग त्यांनी बरणी बघितली. ती त्यांनी कठड्यावर ठेवली आणि सगळे तिच्याकडे बघत राहिले. थोड्या वेळानं तळाशी बोटभर गाळ बसला होता.

दीपालीनं लगेच हनुमंतबापूंना फोन लावला. ऐंशीला टेकलेले बापू घोटावड्याला लेकीकडे असतात. त्यांनी एवढंच विचारलं, की पाठीवर झाड आहे का. दीपालीनं जांभळाचं सांगितलं. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता मोरी उघडून तळं उतरवा. वस्ती शाळेत हलवा. गढूळ पाणी निघतंय तिथं आधी वाळू, मग खडी, वर दगड टाका. पाणी येऊ दे, माती येऊ देऊ नका. आणि पाऊस सरला की झाड मुळासकट काढावं लागेल.

झडपेच्या चाकाच्या कुलपाची किल्ली अण्णांच्या देवघरात होती. अण्णा उठेनात.

"तळं जाऊ दे," ते म्हणाले. "पण किल्ली दिली की फुडं झाडबी काढनार. त्या झाडात तुजी आई हाय, दीपे. मी रोज तिच्याकडं बघून दात घासतो. त्याला मी हात लावू द्यायचा न्हाई."

दीपालीचे डोळे भरले. तिलाही तेच वाटत होतं, ते मला दिसत होतं. ती वडिलांपाशी खाली बसली.

"अण्णा, नाव सोडायच्या आधी आई काय करायची?"

अण्णांची नजर काठावरच्या पालथ्या बदकाकडे गेली.

"पोरं मोजायची. तुम्ही खालची पोरं मोजा."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. अण्णा कमळकडे वळले.

"कमळ, किती पोरं हायेत ग वस्तीत?"

"सतरा. आन झोळीत एक, माजी धाकली नात."

अण्णांनी कठड्याला धरून गुडघे सरळ केले आणि ते देवघरात गेले.

गंजलेलं चाक दीपाली आणि कमळ दोघींनी मिळून फिरवलं. आधी ते हललंच नाही. तेल ओतलं, पहार अडकवली, तेव्हा कुरकुरत फिरलं. तळं तासातासानं उतरू लागलं. वस्तीतल्या माणसांनी पाट्या भरभरून वाळू, खडी, दगड माझ्या टाचेशी आणून टाकले. शाळेच्या पायरीवर अण्णा छत्री धरून उभे होते. पोरं एकामागून एक आत जात होती आणि ते बोट नाचवत मोजत होते. अठरा भरली तेव्हाच ते इतरांशी बोलले. दुपारनंतर माझ्या घामात माती यायची थांबली.

दिवाळीनंतर जांभूळ काढलं. बापू काठी टेकत आले होते. कुजलेली मुळं शेवटच्या धाग्यापर्यंत ओढून काढली, आणि जखमेत वीतवीत थरानं काळी माती भरून मला पुन्हा थोपटलं. कमळ त्या दिवशी जेवली नाही. जांभळाचं लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही. त्याची फळी नव्या नावेची बैठक झाली आहे. झाडाखालची बी सृष्टीनं अंगणात पेरली आहे, माझ्यापासून चांगली शंभर पावलं लांब.

मित्रांनो, पाठीवर उन्हाचा चटका बसतो, तेव्हा त्या सावलीची आठवण येते. तुमच्या गावात, शेतावर, सहलीच्या ठिकाणी माझ्यासारखा एखादा बांध असेल. त्याच्यावर प्रेम असेल तर झाड लावू नका, गवत कापा. सांडव्यात अडकलेला पालापाचोळा काढा, चाकाला तेल घाला. पोहण्याआधी एकदा मागे वळून खाली कोण राहतं ते बघा. आम्ही बोलत नाही. आमच्या टाचेचं पाणीच काय ते सांगतं. ते रोज विचारणारं कुणीतरी हवं.

आता रविवारी कमळबरोबर सृष्टीही येते, अनवाणी. बरणी तिच्या दोन्ही हातांत मावत नाही. ओसरीवर जाऊन ती बरणी डोळ्यांसमोर धरते. पलीकडे आजोबांचं भलंमोठं नाक दिसतं, आणि ते नाक विचारतं, "काय ग, च्या का पानी?"

ती नीट बघते. घाई करत नाही. मी इकडे श्वास धरून असतो.

"पाणी आहे, आजोबा," ती म्हणते. "नुसतं पाणी."