भिंतीकडची लेन

तिने नळीत पोहण्याच्या तलावाचं पाणी भरलं, तपासणीच्या औषधाचे चार थेंब टाकले आणि नळी उजेडात धरून रंग जुळवला. रंग धड चांगला नाही, धड वाईट नाही, नियमात बसणारा. तलावावर पाणी तपासायची नोकरी करत तिला आठ वर्षं झाली होती, आणि नळीपेक्षा स्वतःच्या नाकावर तिचा जास्त भरवसा होता. लोकांना वाटतं, वास झोंबला म्हणजे क्लोरीन भरपूर, पाणी स्वच्छ. आहे नेमकं उलट. मुलं अंघोळ न करता उड्या मारतात, घाम आणि नको ते पाण्यात सोडतात, आणि त्यात मिसळून क्लोरीनचा तो डोळे चुरचुरवणारा वायू होतो. तो पाण्यालगत, पोहणाऱ्याच्या तोंडाशीच साचून राहतो. बंद छपराखालून तो बाहेर काढायला पंखे लागतात, आणि भिंतीकडचा पंखा तीन आठवडे बंद होता.

हे वर कळवायचं काम तिचंच. तिने कळवलं नव्हतं.

कारण भिंतीकडच्या लेनमध्ये मासोळी पोहायची. मासोळी म्हणजे तिच्या धाकट्या जावेची मुलगी. सगळ्यांत वेगवान, म्हणून प्रशिक्षकांनी ठेवलेलं नाव. मासोळीहून लहान असलेल्या तिच्या स्वतःच्या मुलीला ते बदक म्हणत. लाडानेच म्हणत, पण ते पहिल्यांदा ऐकून तिच्या जिवाचा जो तिळपापड झाला, तो अजून शमला नव्हता. घरी सासरे आल्यागेल्याला मासोळीची पदकं काढून दाखवत, आणि मग आठवल्यासारखं करून म्हणत, की लहानीही छान पोहते हो. जाऊ यावर कधी काही बोलत नसे. तेच जास्त लागायचं. तिने जरा मिरवलं असतं, तर निदान भांडता तरी आलं असतं.

महिन्यापूर्वी तिने प्रशिक्षकांना गाठलं आणि बदकाला सर्दीचा त्रास आहे अशी थाप मारून खिडकीकडची लेन मिळवली. तिकडे हवा खेळती असे. पुढच्याच आठवड्यात पंखा बंद पडला. तिने तो बंद पाडला नव्हता, फक्त बंद राहू दिला होता. एवढा फरक ती स्वतःला रोज समजावून सांगत होती.

चार-पाच दिवसांतच जाऊ तिच्या दाराशी येऊन उभी राहिली होती.

"पोहून आली की पोरगी खोकत बसते. पाण्याचं काही असेल का हो, ताई? तुम्हाला कळतं म्हणून विचारते."

"हवा बदलतेय," ती म्हणाली. "गरम पाणी देत जा."

जावेने मान डोलावली आणि गेली. नंतर तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

उद्या स्पर्धेसाठी निवड होती. सरावाच्या वेळी ती एरवी खाली पंपाच्या खोलीत असायची, आज काम लवकर आटोपलं म्हणून वर आली. काठावर उभं राहून तिने खिडकीकडे बदकाची लाल टोपी शोधली. तिथे मासोळीची निळी टोपी होती. लाल टोपी भिंतीला लागून, कडेला हात टेकून थांबली होती.

ती भिंतीकडे गेली आणि खाली बसली. बदकाने गॉगल वर केला. डोळे लालभडक झाले होते. मुलीचे डोळे लाल दिसत हे तिने घरीही पाहिलं होतं, आणि गॉगल सैल असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"तू इकडे कशी?"

"दोन आठवडे झाले. तिकडची लेन मी मासोळीताईला दिली. तिला इथे खूप खोकला यायचा."

"आणि तुला?"

बदकाने गॉगल परत डोळ्यांवर ओढला.

"तुला विचारतेय मी."

"येतो," बदक म्हणाली. "झोपताना. मी उशीत तोंड खुपसते. तुला कळलं असतं, तर तू सरांना सांगून ताईला परत इथेच पाठवलं असतंस."

बदकाच्या दोन्ही बगलांत हात घालून तिने तिला वर ओढून घेतलं, आणि मग प्रशिक्षकांकडे जाऊन सगळ्या मुलांना बाहेर काढायला सांगितलं. उद्याच्या निवडीचं काय, असं ते दोनदा म्हणाले. तिने कपाटातून 'पोहणे बंद' ही पाटी काढली आणि दाराला लावली.

बाकावर बसलेली जाऊ उठून आली. तिच्या हातात दोन टॉवेल होते. रोजच दोन आणायची.

"काय झालं हो, ताई?"

"पंखा बंद आहे. इथली हवा मुलांना बरी नाही."

"आज बंद पडला का?"

हो म्हटलं असतं, तर कोणी खोलात गेलं नसतं.

"नाही," ती म्हणाली.

जावेने वर बंद पंख्याकडे पाहिलं. मग तिने एक टॉवेल मासोळीकडे दिला आणि दुसऱ्याने ती बदकाचं डोकं पुसायला लागली.