दाखवलेलं घर

साहेब मागच्या दारानं आत आले तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. ऑफिसच्या खोलीत आई त्यांच्याच कंपनीला पाठवायचा सहामाही अहवाल वाचत होती आणि मी फोटोंखालच्या ओळी तपासत होते. आधी स्वयंपाकघरात काच फुटली. मग मावशींचा आवाज आला, "अहो, अहो, कुठे निघालात?" आणि काहीतरी जड भिंतीवर आपटलं. त्या मावशीच होत्या.

ते घर नवऱ्यांच्या मारापासून पळून आलेल्या बायकांचं होतं. त्याला पाटी नव्हती, पत्ता कुठेही छापलेला नव्हता. आई तिथे कंपन्यांशी भागीदारी जमवण्याचं काम करायची. बाबा त्याला 'सुशिक्षित भीक' म्हणायचे. आई म्हणायची, "भिकारी कुणाला घर दाखवतो का? मी दाखवते." हीच तिची पद्धत होती. पहिल्या भेटीत काही मागायचं नाही. माणसाला आत आणायचं, खोल्या दाखवायच्या, चहा पाजायचा. डोळ्यांनी पाहिलेलं घर माणूस विसरत नाही, असा तिचा विश्वास होता.

घर सांभाळणाऱ्या मावशी कुरकुरायच्या. "ताई, लपायची जागा अशी मिरवतात का?"

"नवऱ्यांपासून लपायचंय मावशी, कंपन्यांपासून नाही."

त्यावर आम्ही तिघीही हसलो होतो. कंपनीतली माणसंही कुणाचे तरी नवरे असतात, हे एकीलाही सुचलं नाही.

साहेब त्या कंपनीत समाजकार्याचा विभाग बघायचे. भेटीला आले तेव्हा मऊ आवाजात सगळ्यांची विचारपूस केली. मागच्या दाराशी थांबून म्हणाले, "ही काच फोडली की आत हात घालून कडी निघेल. बदलून घ्या." आईनं कौतुकानं वहीत लिहून घेतलं.

सोमवारी एक बाई आली. एक डोळा मिटलेला, हाताची दोन बोटं मोडलेली. आडनाव तिनं खोटं सांगितलं. गुरुवारी सकाळी ती आईला म्हणाली, "ताई, तुमचा पत्ता मला घरातच मिळाला. ह्यांच्या फायलीत." नवऱ्याचं नाव ऐकून आई जागच्या जागी बसली. त्याच संध्याकाळी त्या बाईला दुसऱ्या गावी हलवायचं ठरलं. साहेब त्याआधीच आले.

आम्ही बाहेर धावलो. त्यांनी बोळातल्या भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उचललं होतं. त्यावर कंपनीचं चिन्ह होतं. आई आतल्या खोलीच्या दारासमोर उभी राहिली.

"ताई, बाजूला व्हा. आपले संबंध चांगले आहेत."

"ते राहतील की. तुम्ही बाहेर बसा, आपण बोलू."

त्यांनी नळकांडं फिरवलं.

आई त्यानंतर बऱ्याच वर्षांनी गेली, त्याला आता चार महिने झाले. लोक भेटतात, तिच्या कामाबद्दल चांगलं बोलतात. मला मात्र आधी तो आवाज ऐकू येतो. ओलं लाकूड मोडावं तसा.

ती खाली बसली, पण तिनं साहेबांचा पाय धरला. त्यांनी दुसऱ्या पायानं तिच्या तोंडावर लाथ मारली. मग पुन्हा. तिनं पाय सोडला नाही. तिच्या तोंडातून रक्त आणि दात एकदमच बाहेर आले. आतून बायकांनी दार दाबून धरलं होतं, तरी साहेबांनी फटीत हात घातलाच. "बाहेर ये," ते त्याच मऊ आवाजात म्हणाले, "घरी जाऊ." मी बाहेरून कडी धरली आणि अंगातला सगळा जोर लावून दार ओढलं. बोटं चौकटीत सापडली. दार सैल सोडलं, पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा गरज नव्हती, तरी ओढलं. तेवढ्यात कपाळ फुटलेल्या मावशी आल्या आणि त्यांनी उकळत्या पाण्याचं पातेलं साहेबांच्या मानेवर उपडं केलं.

पोलीस येईपर्यंत ते जमिनीवर लोळत होते. मी आईचा जबडा दोन्ही हातांनी धरून बसले होते. सोडला असता तर तो लोंबकळला असता.

चौथ्या दिवशी कंपनीचे संचालक फुलं घेऊन इस्पितळात आले. आईचा जबडा तारांनी बांधला होता. ती वहीत लिहून बोलायची.

"झालं ते वाईटच," ते म्हणाले. "पण एका माणसापायी इतकी चांगली भागीदारी का मोडायची? आम्ही पाच वर्षांचा करार करतो. तुमच्या बायकांची सोय होईल. जबाबात फक्त एवढंच, की तुम्ही जिन्यावरून पडलात."

आईनं लिहिलं, 'घर बैठं आहे. जिना नाही.'

त्यांनी वाचलं. थोडा विचार केला. "मग न्हाणीघरात?"

मावशींच्या तोंडून शिवी निसटली. आईनं पान उलटलं. 'पोलीस अकराला येणार आहेत. थांबा. तुम्ही आत्ता म्हणालात तेही त्यांना सांगते.'

ते थांबले नाहीत. आईनं अकराला पाच पानं जबाब लिहून दिला. साहेब तुरुंगात गेले. ती बाई सुखरूप दुसऱ्या गावी पोचली. कंपनीची मदत त्याच महिन्यात बंद झाली आणि चार खोल्यांतल्या बायका दोन खोल्यांत आल्या.

सहा आठवड्यांनी तारा काढल्या. वरचा ओठ शिवून आखूड झाला होता. तो खालच्या ओठाला टेकतच नव्हता. आई कंपन्यांची नवी यादी घेऊन फोनपाशी बसली.

"मी बोलते ना," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि नंबर फिरवला. "नअस्कार," ती म्हणाली. "नअस्कार, ई..."

"कोण बोलतंय?" पलीकडची मुलगी खेकसली. "दुपारीच चढवली का? ठेवा फोन."

फोन कट झाला. आईनं रुमालानं हनुवटी पुसली. मग तोच नंबर पुन्हा फिरवला, दोन बोटांच्या चिमटीत दोन्ही ओठ धरले, आणि पलीकडून आवाज आल्याबरोबर ते एकमेकांवर दाबून, सोडून म्हणाली,

"नमस्कार."