'पोचलात का?'च्या दारातली कुकीची पाटी

तुमच्या फोनच्या तळाशी उभी राहून बोलतेय मी. वेबसाइट उघडली की अर्धा पडदा अडवून 'कुकीज चालतील का?' असं विचारते ना, तीच ही पाटी. न वाचता तुम्ही अंगठ्याने जिला उडवून लावता, ती. आज दोन मिनिटं अंगठा आवरा.

कुकी म्हणजे खायची नाही, हे आधीच सांगते. तुम्ही आलात की वेबसाइट तुमच्या फोनात एक चिठ्ठी ठेवते आणि स्वतःकडे नोंद करते: हा कधी आला, काय वाचलं, परत आला का. त्याआधी तुम्हाला विचारायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म फेब्रुवारी २०२१चा. आयर्लंडात, डब्लिनजवळच्या डून लेरीत, भाड्याच्या खोलीत, कांदे चिरायच्या फळीवर ठेवलेल्या लॅपटॉपवर. मला बनवणारा अनीश. दहावीला दोनदा बसला आणि मग शाळेकडे फिरकला नाही. हॉटेलच्या किचनमध्ये काम करायचा, पण लॉकडाऊनमुळे हॉटेल बंद होतं.

वेबसाइट त्याची नव्हती. ती त्याच्या दादाची, प्रल्हादची. प्रल्हाद डब्लिनला शिकायला आला, इथेच नोकरीला लागला आणि नव्याने येणाऱ्या मराठी माणसांसाठी त्याने 'पोचलात का?' सुरू केली. खोली कशी शोधायची, कढीपत्ता कुठे मिळतो, पुण्याहून आणलेलं जॅकेट इथल्या वाऱ्यात का टिकत नाही, सगळं त्यात.

जानेवारीत प्रल्हाद कोविडने गेला. आठ दिवस हॉस्पिटलात होता. अनीशला आत सोडलं नाही.

वेबसाइट कागदोपत्री इथल्या मराठी मंडळाच्या नावावर होती. मंडळाने कळवलं, 'शुक्रवारपर्यंत कुकीजचं नियमात बसवा, नाहीतर वेबसाइट बंद करावी लागेल.'

"बंद? दादाची?" अनीश एकटाच ओरडला आणि तिथल्या तिथे मला बनवायला बसला. सूचनांची बारा पानं आली होती. त्याने पहिलं उघडलं आणि मिटलं.

मला दोन बटणं मिळाली, 'हो' आणि 'नको'. कोणी 'नको' दाबलं की मी म्हणायचे, 'असं कसं? थोड्या तरी घ्या.' पुन्हा 'नको' दाबलं की, 'आमच्याकडून कोणी असंच जात नाही.' तिसऱ्यांदा दाबलं की, 'बरं, एकच!' आणि चिठ्ठी ठेवून मोकळी. अनीशच्या घरी पाहुण्याचा पहिला नकार कोणी धरतच नाही, हात आडवा केला तरी जिलबी ताटात पडते. मला तर वाटलं, माझ्याइतकी प्रेमळ पाटी साऱ्या आयर्लंडात नसेल.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. लेटरकेनीच्या हॉस्पिटलातले डॉक्टर संजीव.

"अनीश, ही पाटी आहे का माझी मावशी? मला ड्रायव्हिंग लायसन्सचं पान बघायचंय, आणि ही ताटावरून उठू देईना!"

"मग हो म्हणायचं ना, डॉक्टर."

"अरे, तीनदा नको म्हटलं! तरी वाढलंच तिने!"

मग अनीशने पद्मजाताईला व्हिडिओ कॉल लावला. ती प्रल्हादच्या वर्गातली. डब्लिनमधल्या बॉल्सब्रिजच्या एका ऑफिसात असलेच नियम तपासायचं काम करते. लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती, म्हणून भेट पडद्यावरच. मला तीनदा दाबून पाहताना ती इतकी हसली, की चहा टेबलावर सांडला. टेबल पुसून झाल्यावर मात्र मास्तरीण झाली.

"अनीश, पहिला नको म्हणजे नको. आणि दोन्ही बटणं एकाच मापाची."

"नको जरा बारीक ठेवलं तर?"

"नाही."

"फिकट?"

"अनीश!"

माझा आग्रह संपला. बटणं सारखी झाली, वाक्य सरळ झालं. खरं सांगते, जरा बोडकं वाटलं.

"ग्रँड," अनीश इथल्या लोकांसारखं म्हणाला. "झालं ना?"

"एक राहिलं. पाटी नव्हती तेव्हा दोन वर्षं लोकांना न विचारताच नोंदी होत होत्या. त्या पुसायच्या. सगळ्या."

 अनीशने जानेवारीच्या नोंदी उघडल्या आणि स्क्रीन तिला दाखवली. आठ दिवस, एकच जुना फोन, एकच पान. 'भावाच्या हातची मिसळ.' कधी दिवसातून दोनदा, कधी चारदा. शेवटची नोंद सकाळी अकरा वीसची.

"हा दादा आहे. असला जुना फोन दुसरा कोण वापरतो? मला आत सोडलं नाही, ताई. तो तिथे काय करत होता, त्यातलं मला एवढंच माहितीय."

पद्मजाताईने एकेक नोंद वाचली.

"दादाच्या एवढ्या नोंदी ठेवतो. बाकीच्या पुसतो."

"बाकीच्यासुद्धा कोणाच्या तरी आहेत रे."

"दादाला विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता!"

"म्हणाला असता. पण विचारलं नव्हतं."

अनीशने कॉल तोडला आणि लॅपटॉप धाडकन मिटला. मला अंधार.

उघडला तेव्हा शुक्रवारची दुपार होती. बोटं ओली होती, की-बोर्डवर पाणी ठिबकत होतं. बाहेर पावसात हिंडून आला असावा. त्याने सरळ मिसळीचं पान उघडायला घेतलं. मी आडवी आले, माझं कामच ते. त्याने मला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं, ओठ हलवत. 'नको' दाबलं. मी बाजूला झाले.

मग त्याने पद्मजाताईला फोन लावला.

"ताई, ही कृती दादानेच टाइप केली होती. त्याला तोंडपाठ होती. मग रोज कशाला उघडायचा?"

"तू पान खालपर्यंत पाहिलंस का कधी?"

त्याने पान खाली सरकवलं. मटकी, कट, फरसाण. त्याखाली फोटो. अनीश, कपाळावर पीठ, हातात झारा, फोटो काढणाऱ्यावर वैतागलेला.

अनीश रडला. मोठ्याने, नाक पुसत. पद्मजाताईने फोन ठेवला नाही.

"कळलं," तो शेवटी म्हणाला. "आता पुसतो."

सगळ्या नोंदी निवडल्या. यंत्राने विचारलं, 'नक्की?' त्याने एकदाच दाबलं. संध्याकाळी मंडळाचा निरोप आला, वेबसाइट चालू राहील.

तेव्हापासून मी इथे उभी आहे. एवढीच विनंती, मला वाचून मग दाबा. हो म्हणा, नको म्हणा, मी रुसत नाही.

आज सकाळी कोणीतरी मिसळीचं पान उघडलं. कोण, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी 'नको' दाबलं आणि मी वाटेतून दूर झाले. ते पान खालपर्यंत गेले असतील, तर त्यांना अनीश दिसला असेल.